उजेडापुढची बहिरी

सोमवार, ३ तारीख

भिंगरे,

हे पत्र माफी मागायला लिहिलेलं नाही. आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाट बघत बसायला नको. मी तुझ्या इस्पितळात गेले, मेट्रनबाईंच्या टेबलावर हात आपटला आणि त्यांचा पेनांचा डबा खाली पडला. पेनं मीच उचलून दिली. तेवढं त्या कोणाला सांगणार नाहीत, म्हणून मी सांगते.

त्यावर तू म्हणालीस, "आजी, तू माझं वाटोळं केलंस." म्हणालीस आणि पिशवी उचलून मैत्रिणीच्या गावी निघून गेलीस. आता आईचा फोन उचलतेस, तिच्याशी बोलतेस, आणि "आजीकडे देऊ का?" असं तिने विचारलं की तुझ्या फोनची बॅटरी संपते. गुणी बॅटरी आहे. मला पण तसलीच आणून दे.

म्हणून लिहिते. चौथी शिकलेल्या बाईचं अक्षर आहे, वाचायला त्रास होईल. होऊ दे.

मला जे समजलंय ते असं. चुकलं असेल तर खोड. दुपारची वेळ, लहान मुलांचा वॉर्ड, भेटायला आलेल्यांची गर्दी. तुझ्या जोडीची नर्स वरच्या मजल्यावर पाठवलेली, म्हणजे खाली तू एकटी. जुलाबाने सुकलेलं तान्हं बाळ आलं, सलाईन लावायचं तर शीर सापडेना. तू त्याच्या मनगटावर वाकलीस. मागच्या खाटेवरच्या पोरीची ऑक्सिजनची नळी नाकातून सरकली. तिची आई खाली औषध आणायला गेलेली. मशीनचा अलार्म वाजायला हवा. तू म्हणतेस, वाजला नाही. ते म्हणतात, चार मिनिटं वाजत होता. पोर निळी पडली, तेवढ्यात तुझी जोडीदारीण खाली आली म्हणून वाचली.

आता माझं ऐक. तुझे कान मला माहीत आहेत. लहानपणी मी स्वयंपाकघरात डब्याचं झाकण हळूच उघडलं तरी तू गच्चीवरून खाली यायचीस. वाजला असता तर तुला ऐकू आला असता. म्हणजे मशीन बिघडलेलं आहे. हेच मी मेट्रनबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "आजी, वाजल्याची नोंद मशीनमध्येच असते. वाजलाय." मी म्हटलं, "मशीन स्वतःविरुद्ध कशाला लिहील?" हात त्यानंतर आपटला.

तुला त्यांनी एक कागद दिलाय, त्यावर लिहिलंय, "अलार्म ऐकूनही दुर्लक्ष केले." सतरा तारखेला चौकशी आहे. त्याआधी सही केलीस तर गाजावाजा न करता प्रकरण मिटवणार. पण तुझी नर्सची नोंदणी कायमची जाणार. आई सांगते, तू सही करणार आहेस.

करू नकोस. बाकी माझ्यावर हवं तेवढं रागव.

आजी

गुरुवार, ६ तारीख

भिंगरे,

सोमवारचं पत्र न फोडता परत आलं. पाकिटावर "परत पाठवा" हे तुझंच अक्षर. सुंदर आहे, शाळेत त्याला बक्षीस मिळालं होतं. ते पत्र मी या पाकिटात घातलंय. हेही परत आलं तर दोन्ही तिसऱ्यात घालीन. पाकिटं जाड होत जातील, पोस्टमन तुलाच शिव्या घालील.

काल तू आईला फोनवर म्हणालीस, "मशीन खोटं बोलत नाही, म्हणजे मीच खोटी. ऐकलं असेल मी आणि सोडून दिलं असेल." आईने ते मला रडत सांगितलं. तिला रडायला कारण लागत नाही, पण या वेळी कारण होतं.

ऐकलं असेल म्हणजे काय गं? "मी काल जेवले असेन" असं कोणी म्हणतं का? जेवलीस तर जेवलीस. तुला आठवतंय का ऐकल्याचं? नाही ना? मग दुसऱ्याने लिहिलेलं स्वतःच्या तोंडात का कोंबतेस? चार मोठी माणसं एका बाजूला बसली की आपण खोटे, हे तू कुठे शिकलीस? माझ्याकडे तर नाही शिकलीस.

मी एक ठरवलंय. वरच्या मजल्यावर ती नवीन भाडेकरीण आलीय ना, कॉलेजात मेंदूचं शिकवणारी. जिन्यात तिने चिठ्ठी लावलीय: लक्ष कसं चालतं यावर अभ्यास करते, तासभर वेळ असलेल्यांनी यावं. कोणी जात नाही, कारण ती फक्त बिस्किटं देते. मी जाणार आहे. आईला सोबत नेते, साक्षीला. आपल्या घरातले कान कसे आहेत ते तपासून घेते, तसं तिच्याकडून लिहून घेते आणि तो दाखला मेट्रनबाईंच्या टेबलावर ठेवते. आपटणार नाही. ठेवणार.

आजी

सोमवार, १० तारीख

भिंगरे,

दाखला मिळाला नाही. काय मिळालं ते सांगते. सगळं वाच, मध्येच फाडू नकोस.

त्या मेंदूवालीच्या खोलीत एक खुर्ची, एक कॉम्प्युटर, टेबलावर आवाज काढणारा एक डबा. आई दाराशी स्टुलावर बसली. आधी नुसते कान तपासले. बारीक आवाज आला की हात वर करायचा. मी सगळे हात बरोबर वर केले. ती म्हणाली, "आजी, या वयात असे कान कमीच बघितलेत." मी आईकडे बघितलं, म्हटलं, "द्या लिहून." ती म्हणाली, "थांबा, खरं काम पुढेच आहे."

मग पडद्यावर वर्तुळं आली. प्रत्येक वेळी एका वर्तुळाला बारीक खाच असते, ती शोधून त्यावर बोट ठेवायचं. मध्येच डब्यातून शिट्टी वाजेल, ऐकली की डाव्या हाताने टेबलावर थाप मारायची. आधी सोपं होतं, एकच ठळक वर्तुळ. खाच दिसायची, शिट्टी ऐकू यायची, थाप मारायची. पोरखेळ. मी तिला म्हटलंसुद्धा, "याचा पगार देतात तुम्हाला?"

मग अवघड आलं. पडदा भरून वर्तुळं, फिकट, एकात एक अडकलेली, आणि खाच केसाएवढी. एक सापडेपर्यंत दुसरा पडदा यायचा. पण मी कोण? सोडा-फॅक्टरीत उजेडापुढे बसून आयुष्यभर बाटल्यांचे तडे शोधलेली बाई. एक खाच सोडली नाही. संपल्यावर घाम पुसला आणि म्हटलं, "शेवटी शेवटी शिट्टी वाजवायची विसरलात वाटतं."

"वाजवली की," ती म्हणाली.

"कधी?"

"पुष्कळदा. निम्म्याहून जास्त वेळा तुम्ही थाप मारली नाहीत."

"बाई, मोठ्या माणसाशी खोटं बोलू नये. वाजलीच नाही."

तेव्हा आई स्टुलावरून खाली मान घालून म्हणाली, "आई, वाजली गं. मला इथवर ऐकू आली. मला वाटलं, तू मुद्दाम थाप मारत नाहीयेस."

मी उठले. दोघींना म्हटलं, "तुमचं आधीच ठरलंय." बिस्किट घेतलं नाही. चपला घातल्या, जिना उतरायला लागले आणि मध्येच पाय थांबला. "वाजलीच नाही." हे वाक्य याआधी मी कोणाच्या तोंडून ऐकलं होतं? तुझ्या, आपल्याच स्वयंपाकघरात. असाच आवाज चढलेला. आणि "मला वाटलं मुद्दाम," हे मेट्रनबाई म्हणाल्या होत्या.

परत वर गेले. चपला न काढता खुर्चीत बसले आणि म्हटलं, "सांगा. शिट्टी कुठे गेली?"

तिने जे सांगितलं ते मला समजलं तसं लिहिते. आवाज कानात जातो. कान त्याचं काम करतो, आवाज पुढे मेंदूत ढकलतो. पण मेंदूत डोळ्यांचं दुकान आणि कानांचं दुकान एकाच गोदामावर चालतं. डोळ्यांनी सगळा माल उचलला की कानाच्या वाट्याला काही उरत नाही. आवाज दाराशी येतो आणि त्याला कोणी आत घेत नाही. आत घेऊन मग हाकलला, असं नाही. घेतलाच जात नाही. मी म्हटलं, "म्हणजे नळासारखं. खालच्या मजल्यावर नळ पूर्ण सोडला की वरच्या मजल्यावर थेंब येत नाही. टाकी भरलेली असते, वरचे लोकही आळशी नसतात." ती म्हणाली, "आजी, हे मी वर्गात सांगू का?" मी म्हटलं, "बिस्किटांवर नाही."

मी विचारलं, "आणि ज्यांना प्रत्येक शिट्टी ऐकू येते ते?" ती म्हणाली, "त्यांच्या बहुतेक वेळा खाचा सुटतात."

हे वाक्य दोनदा वाच.

मग मी कागद पुढे केला. म्हटलं, "लिहा, माझ्या नातीला अलार्म ऐकू आला नाही." ती नाही म्हणाली. तोंडावर. "मी त्या वॉर्डात नव्हते, आजी. असं होऊ शकतं एवढं मी लिहीन. असंच झालं हे फक्त तुमची नात सांगू शकते." मी खूप भांडले. ती हलली नाही. राग आला, पण बाई ताठ कण्याची आहे.

तर माझं आधीचं म्हणणं रद्द. मशीन ठीक आहे. अलार्म वाजला. मी मेट्रनबाईंकडे जाऊन तसं सांगून आले. माफी मागितली नाही, माहिती दिली. त्यांनी पेनांचा डबा आधीच खणात ठेवला होता.

तू दोन खोट्यांत अडकलीयेस. "वाजला नाही" हे खोटं, तू ते खरं समजून बोललीस. "ऐकूनही दुर्लक्ष केलं" हेही खोटं, आणि त्यावर सही करायला निघालीस. दुर्लक्ष करायला आधी ते कानावर पडावं लागतं, पोरी.

वाजला. तुला ऐकू आला नाही. ही दोन्ही वाक्यं एका कागदावर मावतात.

आजी

गुरुवार, १३ तारीख

भिंगरे,

तुझं कार्ड आलं. म्हणजे पत्रं फोडलीस. कार्डावर एकच ओळ: "आजी, मग मी दोषी आहे की नाही?"

मला काय विचारतेस? मी काय न्यायाधीश आहे? पण दोन गोष्टी सांगते. त्यातून काय घ्यायचं ते घे.

पहिली फॅक्टरीची. पट्ट्यावरून बाटल्या यायच्या, मागे पांढरा उजेड, आणि आपण तडे, कचरा, फुटलेलं तोंड शोधायचं. मी लागले तेव्हा जुन्या बायकांनी एकच गोष्ट शिकवली. उजेडापुढे बसलेल्या बाईला हाक मारायची नाही. पट्टा थांबवायची घंटा झाली, कोणी बोलवायला आलं, आग जरी लागली, तरी मागच्या बाईने तिच्या खांद्यावर हात ठेवायचा. म्हणायच्याच, "उजेडापुढची बहिरी." का, ते कोणाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, मोटरच्या आवाजामुळे. मग नवी मोटर आली, मांजरासारखी गुरगुरणारी, तरी हात खांद्यावरच. नव्या साहेबाने एकदा चिडून विचारलं, "तोंडाने सांगता येत नाही?" तर आमच्यातली एक, तिला आम्ही लांबडी म्हणायचो, म्हणाली, "सांगून बघा," आणि उजेडापुढे जाऊन बसली. बाटल्या सुरू झाल्यावर त्याने तिला हाक मारली. तिने मान वळवली नाही. दुसऱ्यांदा मारली. आम्ही सगळ्या हसत होतो, ती बाटल्या बघत होती. साहेबाला वाटलं, उद्धट आहे. तिचा अर्धा दिवस कापला. आणि त्याच लांबडीच्या नजरेखालून एकदा आख्खी पेन्सिल असलेली बाटली पुढे गेली. तड्याची नाही, म्हणून सुटली. तडा शोधणाऱ्याला तडाच दिसतो.

मेंदूवालीला हे सांगितलं तर तिने वही काढली. मी म्हटलं, "आम्हाला काही कळत नव्हतं हो, रीत होती म्हणून करत होतो." ती म्हणाली, "रीत कोणीतरी मार खाऊन पाडली असणार."

तू वाकलीस त्या दुपारी तुझ्या खांद्यावर ठेवायला हात नव्हता. आणि ज्या बाळाची शीर तू शोधत होतीस ते दोन दिवसांत घरी गेलं. त्याचा कागद कोणी केला नाही.

दुसरी गोष्ट तुला आवडणार नाही. मी त्या पोरीला बघायला गेले. तू ओरडशील म्हणून आधी नाही सांगितलं. ती आता साध्या वॉर्डात आहे, उठून बसते, खाते, पण डाव्या हाताची पकड ढिली आहे. डॉक्टर म्हणतात, येईल. कधी ते सांगत नाहीत. तिची आई कपडे शिवते. खाटेवर बसून बटणं लावत होती. मी कोण ते सांगितलं. नळाचं सांगितलं, शिट्टीचं सांगितलं. तिने सुई थांबवली नाही. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "झालं सांगून? मग असं सांगा मावशी, तुमच्या नातीला ऐकू येत नाही, तर तिला परत दुसऱ्या कोणाच्या लेकराजवळ उभी करायची का?"

मला उत्तर आलं नाही. माझ्या तोंडाला कुलूप लागलेलं तू कधी बघितलंयस? त्या दिवशी लागलं. मी केळी ठेवायला गेले तर म्हणाली, "घेऊन जा." घेऊन आले.

तो प्रश्न तुझा आहे. मी तो तुझ्यापासून लपवणार नाही. पण त्यांच्या कागदावर खोटी सही करून त्याचं उत्तर होत नाही. खोटी सही केलीस तर त्या बाईलाही खोटंच उत्तर मिळेल: एक आळशी नर्स होती, तिला काढली, आता सगळं ठीक. आणि मग दुसऱ्या दुपारी दुसरी कोणीतरी एकटी वाकेल.

सोमवारी चौकशीला ये किंवा येऊ नकोस. मी इस्पितळात पाऊल टाकणार नाही, आईची शपथ. तुझ्या आईची नाही, माझ्या.

आजी

मंगळवार, १८ तारीख

भिंगरे,

फाटकाबाहेरचा बाक इस्पितळात मोडत नाही. मी शपथ पाळली.

तू बाहेर आलीस, मला बघून थांबलीस, म्हणालीस, "सही नाही केली. माझी बस सुटेल." आणि गेलीस. पाठ ताठ होती, तेवढं मी बघितलं. घरी का नाही आलीस, ते विचारत नाही. येशील तेव्हा येशील.

तू गेल्यावर काय झालं ते तुला माहीत नाही. मेट्रनबाई बाहेर आल्या. मला वाटलं, हाकलायला आल्या. तर बाकावर बसल्या, बूट सैल केले आणि म्हणाल्या, "सरका जरा." मी सरकले.

आतलं सगळं मला त्यांच्याकडून कळलं. चौकशीच्या अध्यक्षांनी तुला विचारलं, "अलार्म वाजला की नाही?" तू म्हणालीस, वाजला. "मग ऐकला?" नाही. "हे कसं शक्य आहे?" तू म्हणालीस, "मी शिरेवर होते. पुन्हा अशा शिरेवर वाकले तर पुन्हा होईल. तुमच्यातल्या कोणालाही होईल. म्हणून तिथे दुसरं माणूस लागतं, आणि त्या दुपारी नव्हतं." हे सांगताना मेट्रनबाई तुझी नक्कल करत होत्या. हनुवटी वर करतेस ती सुद्धा. अगदी माझ्यासारखी करतेस, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग कोणासारखी करणार?

चौकशीला बसलेला तो हिशेब बघणारा साहेब म्हणाला, "म्हणजे लक्ष देत नव्हती, असं ही स्वतःच कबूल करतेय." तेव्हा मेट्रनबाई उभ्या राहिल्या. "नाही सर. लक्ष देत होती, असं म्हणतेय." आणि मग म्हणाल्या, "जोडीच्या नर्सला वर मी पाठवलं होतं. हुकमावर सही माझी आहे." हे तू बाहेर आल्यावर झालं. तुझ्यासमोर नाही, म्हणून तुला सांगते. त्यांनी सांगताना माझ्याकडे बघितलं नाही. मीही त्यांच्याकडे बघितलं नाही. मी म्हटलं, "डबा फुटला नाही ना, पेनांचा?" त्या म्हणाल्या, "तडा गेलाय."

मग निकाल. तुला पत्र येईलच, पण माझ्याकडून आधी ऐक. "ऐकूनही" हा शब्द काढला. दुर्लक्षही काढलं. नोंदणी राहिली. पण नोकरी गेली. इस्पितळाचं नाव खराब झालं आणि कोणीतरी जायला हवं होतं, आणि तू सगळ्यांत धाकटी. वॉर्डात नेहमी दोघी असाव्यात का, यावर म्हणाले, बघू. "बघू" म्हणजे काय ते मला विचार. फॅक्टरीत माझं आयुष्य "बघू"वर गेलं.

मला असं वाटलं होतं का, की तू खरं बोलशील आणि ते टाळ्या वाजवतील? नाही वाटलं. मी मूर्ख नाही. नोकरी जाणार हे मला दिसत होतं, आणि तरी मी तुला सही करू दिली नाही. त्याबद्दल रागवायचं असेल तर रागव. मी पुन्हाही तेच सांगेन.

आई तुझ्यासाठी रडली. मग खोली आवरली, तुझी चादर धुतली. ती काही बोलत नाही. मी बोलते म्हणून तिला कधी बोलायची गरज पडली नाही.

आजी

शनिवार, २९ तारीख

भिंगरे,

आता हे पत्र म्हणायचं! चार पानं, दोन्ही बाजूंनी. चष्मा लावून आईने एकदा वाचलं, मी एकदा. तुझ्या शिव्या मला लागू पडल्या, एक सोडून. मी "हट्टी" नाही. मी बरोबर असते, आणि ते लोकांना सहन होत नाही.

सांगण्यासारखं इथलं एवढंच. त्या पोरीला घरी सोडलं. रस्त्याने जाताना त्यांच्या दाराशी तिची आई भेटली, पोरही तिथेच होती. तुला काढल्याचं तिला कळलं होतं. "बरं झालं," ती म्हणाली. मी म्हटलं, "तुमच्या जागी मीही तेच म्हटलं असतं." पोरीच्या डाव्या हातात पाण्याचा पेला होता. धरला, थोडा सांडला, पण धरला. मी वाटेला लागले. मला लोकांच्या अंगणात जाऊन चांगुलपणा दाखवायची सवय नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं. तिकडच्या त्या छोट्या दवाखान्यात जागा आहे, अर्ज भरायचाय, आणि त्यात विचारलंय, "आधीची नोकरी का सुटली?" तू लिहितेस, मैत्रीण म्हणते घरगुती कारण लिही, सगळे तसंच लिहितात. आणि मला विचारतेस, "आजी, लिहू की गाळू?"

तुला माहीत आहे मी काय म्हणणार. तरी विचारलंस, म्हणजे मी म्हणावं असं तुला वाटतंय. तर म्हणते.

लिही. सगळं लिही. अलार्म वाजला, मला ऐकू आला नाही, एक पोर मरता मरता वाचली. नरम करून लिहू नकोस आणि स्वतःला जोडे मारूनही लिहू नकोस. वाचणारा तोंड वाकडं करील. करू दे. अर्ज बाजूला ठेवील. ठेवू दे. दुसरा दवाखाना बघ, तिथेही हेच लिही. कोणीतरी एक असा निघेल जो वाचून विचारील, "मग आता तुम्ही काय वेगळं करता?" त्याच्याकडे काम कर. जिथे कोणी विचारणार नाही तिथे करू नकोस.

आणि त्या आईने मला विचारलं होतं, हिला परत लेकरांजवळ उभी करायची का. त्या दिवशी मला उत्तर आलं नव्हतं. इतके दिवस भांडी घासताना, पायऱ्या चढताना तेच डोक्यात होतं. आता आलंय. ती बाई हे ऐकून घेणार नाही आणि तिने घेऊही नये, म्हणून तुला देते.

उद्या मी आजारी पडले, खाटेवर पडले, नळ्या लावल्या, तर माझ्या उशाशी मला ती नर्स हवी जिला माहीत आहे की आपल्याला ऐकू येत नाही असंही होतं. ती वाकायच्या आधी कोणालातरी मागे उभं करील. कोणी येत नसेल तर आरडाओरडा करील, वॉर्ड डोक्यावर घेईल, साहेबांच्या टेबलावर हात आपटेल. जिला वाटतं, आपण सगळं बघतो, सगळं ऐकतो, आपल्याकडून काही सुटत नाही, ती बाई कितीही हुशार असू दे, तिला माझ्या खोलीत पाऊल टाकू देऊ नका.

हे माझं उत्तर. बरोबर आहे का, ते मला माहीत नाही. पण माझं आहे.

अर्ज आजच भर. उद्यावर टाकलास तर मैत्रीण समजावेल आणि तू ऐकशील. तुझा काही भरवसा नाही, तुझ्या आईची लेक आहेस.

आजी